तेरावा महिना

आमच्या पंचांगात महिने तेरा.
बारा तीस-तीस दिवसांचे, आणि शेवटी पागुमे,
पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा.
त्याचा पगार कुणी देत नाही.
घरमालक भाडं मागत नाही, एवढीच काय ती दया.

अबाये म्हणायचे, माझं कोरिया म्हणजे पागुमे.

ते वर्ष आमचं एकोणीसशे त्रेचाळीस,
जगाचं एक्कावन्न.
जिबूतीच्या धक्क्यावर बोटीत चढलेला शिपाई
तीन आठवड्यांनी पलीकडे उतरला
तो एकदम आठ वर्षांनी पुढे.
हे ते हसून सांगायचे.
एवढंच हसून सांगायचे.

टेकडीला नाव नव्हतं, नंबर होता.
आणि आमच्या भाषेत गारेलाही बेरेदो, हिमालाही बेरेदो,
तेव्हा पोरं वाट बघत बसली
की आता हेल्मेटवर ताडताड वाजेल.
वाजलं नाही काही.
ते मुकाट पडत राहिलं
झोपलेल्यांवर,
आणि सकाळी न उठलेल्या देम्सेववर.

आमचा एकही माणूस तिथे सोडायचा नाही, असं ठरलेलं.
देम्सेवला अबायेंनी पाठीवर घेऊन उतरवलं,
अख्खी रात्र.
तिकडे राहिली ती उजव्या पायाची दोन बोटं,
करंगळी आणि तिच्या शेजारची,
पत्र्याच्या एका बशीत.

मग एक पदक. मग अदिसच्या कडेला जमिनीचा तुकडा,
चिखल जास्त, जमीन कमी.
आणि एक बूट, जो आता सैल होता.
दर रविवारी देवळात जायच्या आधी
ते उजव्या बुटात कापूस भरायचे,
निगुतीनं, उशी भरावी तसा.

मग राजा गेला.
ज्यांच्यावर अबायेंनी गोळ्या झाडल्या
ते नव्या सरकारचे जिवलग निघाले.
आईनं पदक कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरलं.
वॉर्डाचा कारकून वही घेऊन आला,
पायाला काय झालं?
गाढवानं तुडवला.
कुठलं गाढव?
मेलं.

मी सहा वर्षांची. आमच्याकडे गाढव नव्हतंच कधी.
पण शाळेत मी सगळ्यांना सांगितलं
की ते तांबूस होतं, त्याचं नाव दामा,
आणि डाव्या कानाला त्याच्या एक खाच होती.
रात्री मला त्याची आठवणसुद्धा यायची.

दुष्काळ पडला.
पागुमे आलाच तरी, पाच दिवस, वेळेवर.

पुष्कळ वर्षांनी ते सरकारही गेलं
आणि निळ्या जाकिटातली एक कोरियन मुलगी आली,
सोबत कॅमेरा, दुभाषा, आणि भेट म्हणून
भात शिजवायचं विजेचं भांडं.
आम्ही भात खातो कुठे?
तिनं विचारलं, आजोबा, तिथलं काय आठवतं?
अबाये खूप वेळ गप्प.
मग तिच्याच भाषेत एक शब्द म्हणाले,
तिथल्या कुठल्याशा पोराकडून शिकलेला:
चुवो.
थंडी वाजते.

ती झटकन उठली
आणि तिनं खिडकी लावून घेतली.

अबायेंनी तिला काही सांगितलं नाही.
उन्हाचे दिवस होते. घाम पुसत बसले.

परवा त्यांचे कपडे वाटून टाकताना
शेजारची तिरुवर्क मदतीला आली.
बूट झटकला तर कापूस पडला,
पिवळा, त्यांच्या पायाच्या आकाराचा.
हां, ती म्हणाली, गाढवानं तुडवलेला पाय, नाही का?
चाळीस वर्षं शेजारी राहिली बाई.

हो, म्हटलं मी.
आणि कापूस हातातून सुटेना.

मग म्हटलं, बस जरा, तिरुवर्क.
बिया भाजायला घेते.
पहिल्या कपात उरकणारी गोष्ट नाही ही,
तिन्ही कप होईस्तोवर
उठू नकोस.